मिरजेच्या पुढे

मिरजेला गाडी बदलावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईहून आलेल्या गाडीतून उतरायचं, होल्डॉल आणि ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि बंगळूरच्या मीटरगेज गाडीचा फलाट गाठायचा. तिन्ही गेज एका ठिकाणी असलेलं मिरज हे देशातल्या मोजक्या स्टेशनांपैकी एक. पंढरपूरची नॅरोगेज तिथूनच सुटायची. माझ्या हातातला हिरवा चुडा अजून टोचत होता, डोळ्यांवर झोप होती आणि हे मला फलाटाच्या टोकाला नेऊन एकेक रूळ दाखवत होते. हा साडेपाच फुटांचा, हा मीटरचा, तो पलीकडचा अडीच फुटांचा. घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी, तशी त्यांनी ती ओळख करून दिली.

लग्न 1980 च्या डिसेंबरातलं. हे मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. घर परळला, चाळीत, दोन खोल्यांचं. सासू-सासरे, दोन दीर, नणंद आणि गावाहून शिकायला आलेला यांचा मामेभाऊ, एवढी माणसं आधीपासून तिथे होती, त्यात मी. रात्री पुरुषांची अंथरुणं गॅलरीत पडायची. आतली खोली आम्हां दोघांना सगळ्यांनी समजून-उमजून दिलेली. पण मोरी त्याच खोलीत, पाण्याचा माठही तिथेच. रात्री कुणाला तहान लागली की दारावर हलकी टकटक व्हायची आणि आम्ही दोघं दचकून उठून बसायचो. कुणाचाच दोष नव्हता. त्या काळी गिरणगावातल्या चाळींत घरोघरी हीच तऱ्हा होती. नवीन जोडप्यांनी एकमेकांशी बोलायचं कुठे, हा प्रश्न कुणाला पडलेलाच नव्हता.

जायला मिळालं ते रामेश्वराच्या नावावर. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात गंगेचा एक तांब्याचा गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. त्यांच्या सासूबाईंनी तो काशीहून आणला होता. काशीची गंगा रामेश्वराला घातली म्हणजे यात्रा पुरी होते. ते पुण्य घरात दोन पिढ्या अडून राहिलेलं. "रेल्वेत आहेस, पास मिळतोय, तर बायकोला घेऊन एवढं करून ये," असं सासूबाई यांना म्हणाल्या. मधुचंद्र हा शब्द कुणी काढला नाही. तो गडू कापडात गुंडाळून माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या मधोमध ठेवला. पुढचा सगळा प्रवास तो आमच्यासोबत होता.

रेल्वेचा पास काढायचा तर आधी बायकोचं नाव नोकरीच्या कागदांत चढवावं लागतं. ते चढलं, पास हातात आला आणि त्यावर यांच्या नावापुढे 'सेल्फ अँड वाइफ' असं शाईने लिहिलेलं. खाली प्रवासाची वाट आणि मध्ये कुठे कुठे उतरायचं, त्या गावांची नावं. लग्नपत्रिका छापली होती, विधी झाले होते, उखाणे घेऊन झाले होते. पण मी यांची बायको असल्याचा पहिला सरकारी कागद तो. गाडीत तिकीट तपासनीस आला की हे पास माझ्याकडून मागून घ्यायचे. सुरुवातीपासून तो माझ्या पर्समध्ये असायचा.

बंगळूर आणि म्हैसूरबद्दल फारसं लिहीत नाही. राजवाडा पाहिला, बाग पाहिली, सगळे पाहतात तसंच. मनात राहिली ती गाडी. मीटरगेजचा डबा अरुंद, समोरासमोरच्या बाकांवर बसलं की गुडघे लागायचे. वेग कमी. स्टेशनं छोटी, आणि प्रत्येक स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली. यांच्याजवळ मित्राकडून मागून आणलेला अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, आणि हे त्यातले निम्मे त्या पाट्यांवर घालवायचे. पाटीशेजारी मला उभं करायचे, म्हणजे मी आणि उंची दोन्ही यायचं.

म्हैसूरहून बसने उटी, आणि उटीहून खाली मेट्टुपाळयमपर्यंत निलगिरीची आगगाडी. ही गाडी यांना लहानपणापासून पाहायची होती. 1899 मध्ये ती कुन्नूरपर्यंत आली आणि 1908 मध्ये उटीपर्यंत. कुन्नूरच्या खाली उतार इतका की बारा फुटांमागे फूटभर खाली जायचं, म्हणून तिथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्या दातांत अडकत अडकत चालतं. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला. चढताना ते गाडी ढकलतं, उतरताना गाडी अंगावर झेलतं. प्रत्येक डब्यावर एक ब्रेक्समन उभा, हातात झेंडी, दुसरा हात ब्रेकच्या चाकावर. हे सगळं मला यांनी खिडकीबाहेर अर्धं अंग काढून, वाफेच्या आवाजावर ओरडून सांगितलं. मी थंडीने कुडकुडत होते. एवढं सगळं सांगणाऱ्या माणसाने एकदा मागे वळून तुला थंडी वाजतेय का, एवढं विचारलं नाही म्हणून मी चिडले. मीही ओरडूनच बोलले. यांनीही ओरडून उत्तर दिलं. समोरच्या बाकावरचं तमिळ कुटुंब शांतपणे संत्री सोलत होतं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

ते आमचं पहिलं भांडण. चाळीत नवराबायकोला नीट भांडताही येत नाही. एकमेकांकडे बघून ओठ मिटायचे आणि राग भांड्यांवर काढायचा. त्या गाडीत आम्ही मनसोक्त भांडलो आणि पुढच्या बोगद्यात यांनी आपला मफलर माझ्या गळ्यात घातला. कल्लार स्टेशन येईपर्यंत मी यांना 'तू' म्हणायला लागले होते.

मधुचंद्राला लोक हौस म्हणतात, चैन म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्यासारख्यांना जी खोली शहराने दिली नाही, ती रेल्वेने दिली. हलती होती, धुराने भरलेली होती, शेजारी परकी माणसं होती, पण तिच्या दारावर पाण्यासाठी कुणी टकटक करत नव्हतं. म्हणूनच आम्हांला परतावंसं वाटेना. कोइमतूरहून यांनी ऑफिसला तार केली, शिल्लक असलेली एलएपी, म्हणजे पगारी रजा, मागितली आणि आठवडाभराची म्हणून काढलेली सहल लांबत गेली. रात्री बहुतेक स्टेशनांच्या रिटायरिंग रूममध्ये काढल्या. खाली गाड्यांची घोषणा, शंटिंगचे दणके, आणि पहाटे पितळी वाटी-पेल्यात फेसाळ कॉफी.

मदुराईला मार्गळी महिना चालू होता, म्हणजे आपला धनुर्मास. उजाडायच्या आत बायका दारात सडा घालून हातभर रांगोळ्या काढत आणि मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचत. मी एका गल्लीत उभी राहून पाहत होते, तर एका मुलीने रांगोळीचा डबा माझ्यापुढे धरला. मी आपली गोपद्मं काढली. तिला ती आवडली असावीत.

मग रामेश्वर. त्या वेळी बेटावर जायला मोटारीचा रस्ता नव्हता. रस्त्याचा पूल 1988 मध्ये झाला. आगगाडीने पांबनचा पूल ओलांडायचा, ही एकच वाट. पूल 1914 चा. गाडी त्यावर चालली की पावलापावलाने जायची, खिडकीतून खाली पाहिलं तर कठडा नाही, काही नाही, सरळ पाणी. हे एकदम गप्प झाले. इतका वेळ बोलणारा माणूस गप्प झाला म्हणून मी पाहिलं, तर यांनी हात जोडले होते. मंदिर अजून कितीतरी लांब होतं.

नंतर सांगितलं. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री या भागात चक्रीवादळ झालं. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर, शंभराहून अधिक माणसांसह, समुद्राने ओढून नेली. कुणी वाचलं नाही. पूलही मोडला, आणि तो ई. श्रीधरन नावाच्या तरुण अभियंत्याने 46 दिवसांत पुन्हा उभा केला. याच श्रीधरनांनी पुढे कोकण रेल्वे बांधली आणि माझं माहेर एका रात्रीच्या अंतरावर आणलं. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक असणार. त्या दिवशी यांच्या डोक्यात ती पॅसेंजर होती.

मंदिरात बावीस कुंडांचं स्नान झालं. प्रत्येक विहिरीवर एक जण बादलीने पाणी शेंदून डोक्यावर ओतायचा आणि ओलेत्याने पुढच्या कुंडाकडे धावायचं. तिथले पुजारी मूळचे महाराष्ट्रीय. त्यांनी गडूचं तोंड फोडून गंगा पिंडीवर घातली. दोन पिढ्या बंद असलेलं ते पाणी क्षणात वाहून गेलं. गडू हलका झाला. समुद्रकाठची मूठभर वाळू मी त्यात भरून घेतली, कारण सासूबाईंनी तसं सांगितलं होतं. ती काशीला न्यायची असते. ते काही झालं नाही. सासूबाईंबरोबर अखेर ती गोदावरीत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही धनुष्कोडीला गेलो, वाळूतून मासळीचा ट्रक जात होता त्याच्या मागे बसून. वादळानंतर ते गाव पुन्हा वसवलंच नाही. चर्चच्या भिंती उभ्या होत्या, घरांचे चौथरे होते आणि स्टेशनाच्या इमारतीचे अवशेष. वाळूत रूळ कुठे दिसत नव्हते. यांनी चपला काढल्या. इमारतीच्या भोवती फेरी मारली आणि एका मोडक्या कमानीपाशी थांबून म्हणाले, "बुकिंगची खिडकी इथे असणार." मग खिडकीच्या आत, जिथे क्लार्क बसत असेल तिथे, जाऊन उभे राहिले. छप्पर नव्हतं. वरून ऊन पडत होतं.

"शेवटची गाडी यायची होती," ते म्हणाले. "म्हणजे त्याने दिवसाची रोकड अजून जुळवली नसेल."

पुठ्ठ्याच्या तिकिटांचे नंबर, त्या दिवसाची विक्री, गल्ल्यातले पैसे, हे सगळं वहीत जुळल्याशिवाय बुकिंग क्लार्कला घरी जाता येत नसे. एका रुपयाचा फरक आला तरी तो खिशातून भरायचा. यांच्या आयुष्यात रोज रात्री तो हिशेब असायचा. त्या पडक्या जागी उभं राहून यांना तो अनोळखी माणूस आठवत होता, ज्याचा हिशेब राहून गेला. मी नवीन लग्न झालेली मुलगी, समुद्राकडे बघत बसले होते. पण या माणसाबरोबर आपलं आयुष्य जाणार आहे आणि ते चांगलं जाणार आहे, हे मला तिथे कळलं.

संक्रांत तंजावरात आली. पहिली संक्रांत! काळी साडी, हलव्याचे दागिने, सासरच्या बायकांचं हळदीकुंकू, हे सगळं सोडून मी परमुलखात. सकाळपासून रडू येत होतं. तिकडे घरोघरी पोंगल शिजत होता, उसाच्या मोळ्या दारात उभ्या होत्या. यांनी मला बृहदीश्वराच्या मंदिरात नेलं. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पुरं केलेलं ते प्रचंड देऊळ, पण यांना दाखवायची होती ती एक भिंत. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास 1803 मध्ये त्या आवारात मराठीत कोरवून ठेवला आहे. ओळीमागून ओळ, दगडामागून दगड. हे बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले, आणि मी मागून शब्द सुटे करून देत होते. वाचता वाचता रडू थांबलं.

आवाज ऐकून एक आजी जवळ आल्या. नऊवारी नेसलेल्या, नाकात चमकी. बोलल्या ते मराठीच होतं, पण हेल तमिळचा. त्यांच्या कितीतरी पिढ्या तंजावरात झाल्या होत्या. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. पहिली संक्रांत आणि सून बाहेरगावी, हे ऐकल्यावर त्यांनी माझा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, केसांत मोगऱ्याचा गजरा माळला, खणानारळाने ओटी भरली. यांना केळीच्या पानावर गूळ-तुपाचा पोंगल वाढला. मी वाकले तेव्हा त्यांनी 'अखंड सौभाग्यवती भव' म्हटलं. हे गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मला त्या आजींचा हात आठवला. आशीर्वाद खरा ठरला नाही असं माझ्या मनात आलं नाही. बेचाळीस वर्षांच्या आसपास तो पुरला.

मद्रास मेलने परत निघालो. घाट उतरून गाडी कल्याणला आली तशी मी उठले, तोंड धुतलं, साडी बदलली, पदर खांद्यावरून घेतला. जागेवर येऊन बसले आणि "अहो, दादर किती वाजता?" असं विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

सासूबाई रागावलेल्या होत्या. रजा वाढवली, पत्र एकच टाकलं, पहिली संक्रांत बुडवली. दिवसभर त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी फडताळातून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत हलव्याचे दागिने होते. मुकुट, बाजूबंद, मंगळसूत्र, सगळं त्यांनी स्वतः ओवलेलं. "रथसप्तमीपर्यंत चालतं," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या खोल्यांतल्या बायकांना बोलावून त्यांनी माझं हळदीकुंकू केलं आणि गॅलरीभर तिळगूळ वाटला.

मग घर सुरू झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्याच जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, धाकट्या दिरांची गिरणी गेली, यांच्या एकट्याच्या पगारावर सगळे राहिले. नणंदेचं लग्न, सासऱ्यांचं दुखणं, आमची दोन मुलं. दोघांनी मिळून बोलायला जागा नव्हती ती नव्हतीच. त्यावर मी एक वाट काढली होती. भाजी आणायला म्हणून निघायचं आणि यांची ड्यूटी असलेल्या स्टेशनवर जाऊन तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं. माझा नंबर आला की खिडकीच्या त्या अर्धवर्तुळातून पैसे सरकवायचे. हे मान वर न करता विचारायचे, "कुठे?" मी म्हणायची, "फलाट." मग तारखेच्या यंत्रात पुठ्ठ्याचं तिकीट घालून खट्‌ असा आवाज करेपर्यंत जेवढं बोलता येईल तेवढं बोलायचं. आईंना ताप आहे. मुलाला गणितात पैकीच्या पैकी. आज लवकर ये. हो, त्या खिडकीशी मी यांना 'तू' म्हणायची. मागचा माणूस घाई करायला लागला की बाजूला व्हायचं. किती तरी मोठे निर्णय आम्ही त्या खिडकीशी घेतले आहेत. डोंबिवलीला जागा घ्यायची, हेसुद्धा तिथेच ठरलं.

1992 पासून रेल्वेने सगळीकडे एकच गेज करायला घेतलं. हे वेळापत्रक घेऊन बसायचे आणि आम्ही गेलो होतो त्या वाटेवरचा एकेक तुकडा ब्रॉडगेज झाला की मला सांगायचे. मिरज-बंगळूर गेली. पुढे मदुराई-रामेश्वरही गेली. सोय झाली, गाड्या वाढल्या, हे यांना मान्यच होतं. रेल्वेचा माणूस त्यावर वाईट बोलणार नाही. तरी सांगताना आवाज उतरायचा. निलगिरीची तेवढी राहिली, आणि 2005 मध्ये तिला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा यांनी घरी श्रीखंड आणलं.

निवृत्तीनंतर पुन्हा जाऊ, असं ठरलं होतं. तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. शेवटपर्यंत यांनी त्यांचं सगळं केलं. त्या गेल्यावर आम्ही 2020 च्या एप्रिलातलं आरक्षण केलं, तीच वाट, तेच थांबे. मार्चमध्ये देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. आमच्या घरातून लोकलचा आवाज येतो. तो बंद झाला तेव्हा हे रात्री उठून बसायचे. नंतर आजार निघाला. 2022 च्या पावसाळ्यात हे गेले. त्याच डिसेंबरात पांबनचा जुना पूल गाड्यांना बंद झाला. बातमी वाचून सवयीने मी मान वर केली आणि "ऐकलंत का" असं म्हटलं. घरात कुणी नव्हतं. आता डोंबिवलीतल्या तिन्ही खोल्या माझ्या. एक कप हलत नाही, दारावर टकटक होत नाही, हव्या तितक्या मोकळ्या आवाजात बोलता येईल.

रेल्वे विधवांना पास देते. निवृत्तांना मिळतात त्याच्या निम्मे. आता कागद नसतो, मोबाइलवर येतो. पहिल्यांदा तो उघडला तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिले. माझं नाव सगळ्यात वर होतं. सुनेने विचारलं, "आई, काही चुकलंय का?" मी नाही म्हटलं. चुकलेलं काही नव्हतं.

दोन वर्षं मी तो वापरला नाही. मुलं म्हणाली, नवीन पूल झालाय, 2025 च्या एप्रिलपासून गाड्या जायला लागल्या, रामेश्वराला जाऊन या. तिथे माझं काही राहिलेलं नाही. जायचं तर तंजावरला. आजींनी हात धरून नेलं तेव्हा आम्ही त्या भिंतीची सुरुवातच वाचत होतो, आणि पुढचं वाचायचं राहून गेलं. हे नेहमी म्हणायचे, सरफोजीराजांपर्यंत पोचलोच नाही आपण. नातीला जुन्या अक्षरांची गोडी लागली आहे. मोडकंतोडकं का होईना, ती वाचेल, मी शब्द सुटे करून देईन. तिचं तिकीट ती काढणार आहे, माझा पास मी. तिला सांगून ठेवलंय, आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे जायचं आहे, चपला बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा फरशी तापायच्या आत, सकाळी उघडल्या उघडल्याच पोचायला हवं.